चॅनेल नाही म्हणजे आपली माणसं कमी?

‘केबलवर आपल्या भाषेचं चॅनेल दिसत नाही, म्हणजे इथे आपली माणसंच कमी,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. लोकवस्ती बघितली जाते, पण गल्लीची नव्हे. एका हेडएंडवरून, म्हणजे केबल कंपनीच्या चॅनेल पाठवणाऱ्या मुख्य केंद्रावरून, जिथवर सिग्नल जातो, त्या सगळ्या भागाची. एखाद्या इमारतीत दारोदार तीच भाषा बोलली जात असली, तरी त्या मोठ्या आकड्यात ती विरघळून जाते. शिवाय पैसा: काही चॅनेल दर कनेक्शनमागे पैसे घेतात, काही उलट जागा मिळावी म्हणून ऑपरेटरलाच देतात. जुन्या अ‍ॅनालॉग केबलवर एका चॅनेलला तारेतली ६ ते ८ मेगाहर्ट्झ इतकी जागा लागे. डिजिटलमध्ये तेवढ्यात दहाएक साधी, म्हणजे एचडी नसलेली, चॅनेल मावतात. तेव्हा ‘जागा नाही’ ऐकून गप्प बसू नका, ग्राहकांच्या सह्यांचा अर्ज द्या.