थार तीच दिसते, पण एक फोर बाय फोर अन् एक नुसती मागच्या चाकांची

गावात कोणी थार आणली की पोरं लगेच म्हणतात, फोर बाय फोर घेतली भाऊनं. बरेचदा ती फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर जाणारी, नसतेच. २०२० ला ही नवी थार आली तेव्हा सगळ्या फोर बाय फोरच होत्या, मग जानेवारी २०२३ मध्ये महिंद्रानं रिअर व्हील ड्राइव्हवाली, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना जाणारी, काढली, बाहेरून जवळपास सारखीच, अन् तेव्हापासून हा घोळ.

डिझेलचं बोलू. रिअर व्हीलवालीला १४९७ सीसीचं इंजिन, फोर बाय फोरला २१८४ चं, पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, दोन्हीला ३०० न्यूटन मीटरच, म्हणून नागपूर-अमरावती हायवेवर चालवताना कोणाला फार फरक कळत नाही. खिशाला मात्र कळतो. लांबी चार मीटरच्या आत अन् डिझेल दीड हजार सीसीच्या आत, म्हणून लहान इंजिनवालीला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी, मोठीला ४०.

आता पावसाळा. आपली काळी माती ओली झाली की फुगते, टायरच्या नक्षीत गच्च भरते अन् टायर गुळगुळीत होऊन जातो, मग पांदणीत रिअर व्हीलवालीचा सगळा जोर मागं, गाडी रिकामी असली तर मागं वजनही नाही, एक चाक जागेवर गरगर फिरतं अन् पुढची दोन नुसती चिखलात रुतून बसतात. फोर बाय फोरमध्ये पुढची चाकंही ओढतात, अन् फोर लो, म्हणजे चारही चाकांचा हळू पण जोरदार गिअर, टाकलं की जास्त रेस न देता हळूहळू निघते. पण राजेहो, साध्या रोड टायरवर तीही फसते, मग ट्रॅक्टर बोलवाच! म्हणून आधी टायरला पैसे ठेवा. आणि कोरड्या डांबरावर फोर हाय, म्हणजे चारही चाकांचा नेहमीच्या वेगाचा गिअर, लावून मिरवू नका, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, नाही, वळणावर टायर घासतात अन् ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे जोर पुढं-मागं वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर, येतो.

बाकी त्रास दोघींचा सारखाच. दोनच दारं, मागं चढायला म्हाताऱ्या माणसाचे हाल, मागची सीट वर असली तर सामानाला जागा जवळपास नाहीच, चौघांच्या वर कोणी नाही.

गावापर्यंत डांबर आहे अन् वावरात ट्रॅक्टर जातो, तर रिअर व्हीलवाली घ्या, लाज कसली. घरच वावरात असेल, किंवा मेळघाटातल्या कच्च्या रस्त्यांवर भर पावसात रोजचं जाणंयेणं असेल, तरच फोर बाय फोरचे पैसे वसूल होतात.

जुनी घेताना बॅजवर जाऊ नका, 'फोर बाय फोर'चं स्टिकर कोणीही चिकटवतं. गिअरच्या बाजूला फोर बाय फोर लावायचा दुसरा दांडा आहे का पाहा. डिझेल असेल तर आरसीवर सीसी वाचा, पेट्रोलमध्ये ते कामाचं नाही, दोन्हीत १९९७ च असतं, तिथं गाडीखाली वाकून पुढच्या चाकांना शाफ्ट जातो का तेही बघा.