टीव्ही घ्यायला येताय? मग आधी घरी टेप लावून या

दुकानात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न ठरलेला, "४३ इंची ४के, सगळ्यात स्वस्त कितीला?" त्यावर आम्ही विचारतो की भिंतीवर लावणार का टेबलावर, आणि बघायला बसता कुठे, तर गिऱ्हाईक जरा वैतागतं, भाव विचारला तर हे आमच्या घराची चौकशी काय करतायत. रोज तेच बोलायचं म्हणून शेवटी हा कागदच छापला. बजेट टाईट असेल तर नीट वाचा, लाखाचा टीव्ही घेणाऱ्याचं थोडं चुकलं तरी चालतं, पंधरा-वीस हजार जमवून आलेल्याचं चुकलं की ते पाच-सहा वर्षं डोळ्यासमोर राहतं.

सगळ्यात मोठा घोळ मापाचा. इंच तिरके मोजतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, हे सगळ्यांना माहीत असतं तरी घरी मात्र अंदाजाने हात पसरून बघतात आणि "बसेल हो" म्हणून पैसे भरतात. तर आकडे घ्या: ३२ इंची टीव्हीची रुंदी साधारण २८ इंच, ४३ ची साडेसदतीस-अडतीस, ५० ची ४४, आणि ५५ ची ४८ म्हणजे पूर्ण चार फूट, वर कडेची पट्टी वेगळी. आता घरातला जुना शोकेस बघा, त्यातला टीव्हीचा कप्पा सुताराने २१ इंची डब्यासाठी केलेला, त्यात ३२ सुद्धा अंग चोरून बसतो. टेबलावर ठेवणार असाल तर अजून एक गोष्ट, हल्ली बऱ्याच टीव्हीला मधोमध स्टँड नसतो, दोन टोकांना दोन पाय असतात, त्यामुळे अडीच फुटी टेबलावर ४३ ठेवायला गेलं की एक पाय कडेच्या बाहेर. पायांमधलं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं, आम्हाला विचारा, डिस्प्लेवरचा मोजून सांगतो.

भिंतीवर लावणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. माणसं बॉक्स घेऊन तिसऱ्या माळ्यावर चढलेली, बॉक्स उघडलेला, ड्रिलची वायर लावलेली, आणि मग कळतं की टीव्ही लावला तर गोदरेजच्या कपाटाचं डावं दार उघडणार नाही. नाहीतर पंख्याचा आणि ट्यूबचा स्विचबोर्ड बरोब्बर टीव्हीच्या मागे जातोय, आता पंखा लावायला रोज टीव्हीमागे हात घालायचा का? मग फोन येतो, "दादा, हा घेऊन जा, ३२ पाठवा." सील उघडलेला पीस कंपनी परत घेत नाही, आम्ही तो नवा म्हणून दुसऱ्याला विकू शकत नाही, आणि टेम्पो आणि दोन पोरांचा अर्धा दिवस गेला तो गेलाच. म्हणून दुसऱ्या फेरीचे आम्ही ३०० रुपये घेतो. यावरून बोलणी खूप खाल्लीत पण नियम बदलणार नाही, कारण माप आणलेल्या गिऱ्हाइकाला दुसरी फेरी लागतच नाही, आणि आम्ही दिलेल्या मापात काही चुकलं तर ते पैसेही घेत नाही.

टेप लावताना भिंत कसली आहे तेही बघा. बोटाने ठोकून बघितलं तरी कळतं. बीडीडी चाळींच्या भिंती आरसीसीच्या, तिथे साधं ड्रिल घामाघूम होतं, हॅमर ड्रिल लागतं. जुन्या लाकडी चाळीत मधलं पार्टिशन असेल तर त्यावर नकोच, आतली लाकडी उभी पट्टी सापडली तरच. आणि रिडेव्हलपमेंटच्या नव्या टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी आतल्या भिंती सिपोरेक्सच्या (हलक्या, पोकळ-पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) असतात, त्यात नेहमीचा छोटा गिट्टा धरत नाही, लांब फास्टनर लागतो, हे आधी कळलं तर पोरं सामान घेऊनच येतात. पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल येते, पोपडे सुटतात, ती तर सोडूनच द्या, मे महिन्यात कितीही कोरडी दिसली तरी. उंचीचं म्हणाल तर बसल्यावर डोळ्यासमोर टीव्हीचा मध्य यायला हवा, जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास. दरवाज्याच्या वर देव्हाऱ्यासारखा लावायची हौस असते पण मान दुखते, आणि स्वस्त पॅनल (म्हणजे टीव्हीचा पडदा) खालून बघितलं की चेहरे पांढुरके दिसतात.

पॅनलवरून आठवलं, वन रूम किचनमध्ये सगळे काही समोर बसून बघत नाहीत, कोणी कॉटवर आडवं, कोणी ओट्यापाशी पोळ्या लाटत बाजूने बघतंय. पॅनलच्या मुख्य दोन जाती, आयपीएस पॅनल बाजूने चांगलं दिसतं पण काळा रंग जरा राखाडी वाटतो, व्हीए पॅनलचा काळा गडद, पण बाजूने रंग उतरतो. बॉक्सवर हे बहुतेक लिहिलेलं नसतं, दुकानात बाजूला उभं राहून स्वतः बघा. आणि शोरूममधला भडक मोड बंद करायला सांगा, आम्ही न कुरकुरता करतो, तो बंद केल्यावर जसा दिसतो तसाच टीव्ही घरी दिसणार आहे.

आता ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र. पलंगापासून भिंतीपर्यंत टेप धरा. ४३ इंची टीव्ही साडेपाच-सहा फुटांच्या पलीकडून बघितला तर फुल एचडी आणि ४के यातला फरक साध्या डोळ्याला फारसा कळत नाही. ३२ ला तर सहा-सात फुटांवरून फुल एचडीच्या खालचा एचडी रेडी पुरतो. आणि मुळात तुमच्या घरी ४के येतंय कुठून? केबलवाल्याचा नेहमीचा बॉक्स जास्तीत जास्त एचडी देतो, पॅक साधा असेल तर तेही नाही, आणि तेच साधं चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की जुन्या टीव्हीपेक्षाही धुरकट वाटतं. ओटीटीचं बघायचं तर नेटफ्लिक्सचं ४के त्यांच्या सगळ्यात महागड्या प्लॅनमध्येच, वर १५ एमबीपीएसचं नेट हवं. मोबाईलवाला स्वस्त प्लॅन तर टीव्हीवर चालतच नाही, त्याची तक्रार घेऊन आमच्याकडे येऊ नका, पाया पडतो.

"चित्र घाण येतंय" म्हणून बोलावतात तेव्हा अर्ध्या वेळा मागे तीच जुनी पिवळी-लाल-पांढरी वायर असते. मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला २०१२ च्या ऑक्टोबरअखेर, काही घरांत अजून तेव्हाचाच बॉक्स चालू आहे. नवा टीव्ही घेतला की केबलवाल्याकडून एचडीएमआयवाला (एकाच वायरीतून एचडी चित्र आणि आवाज देणारा) बॉक्स मागून घ्या. हजार-दोन हजार टीव्हीत जास्त घालण्यापेक्षा यात घातलेले चांगले, असं आम्ही सांगतो आणि बायको म्हणते अशाने धंदा कसा होणार.

जीएसटीचंही रोज कोणीतरी विचारतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवर २८ टक्क्यांचा १८ झाला. ३२ आणि त्याखालच्यांवर १८ च होता, २०१९ पासून, त्यामुळे "३२ स्वस्त का नाही केला" यावर आमच्याशी भांडून उपयोग नाही. उलट त्यामुळे ३२ आणि ४३ च्या किमतीतलं अंतर कमी झालंय, भिंतीत आणि बजेटमध्ये बसत असेल तर ४३ चा विचार जरूर करा.

स्मार्ट टीव्हीत १ जीबी रॅमवाला स्वस्त मिळतो पण वर्षभरात ॲप उघडायला एवढा वेळ लावतो की घरातले परत मोबाईल हातात घेतात, २ जीबी घ्या, इथे चिंगूसपणा नको. एचडीआर (चित्रातला उजेड-अंधार जास्त उठावदार दाखवणारं तंत्र) असं बॉक्सवर लिहिलंय म्हणून स्वस्त टीव्हीत जास्त पैसे देऊ नका, त्या पॅनलमध्ये तेवढा उजेडच नसतो. बीआयएसचा (सरकारी मानक ब्युरोचा) आर नंबर आणि वीज किती खातो ते सांगणारं स्टारचं लेबल टीव्हीवर किंवा बॉक्सवर असतंच, नसेल तर तो टीव्ही कितीही स्वस्त असो, घेऊ नका, आमच्याकडून सुद्धा. स्टॅबिलायझर आम्ही गळ्यात मारत नाही, हल्लीचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, चांगला स्पाईक गार्ड पुरे. पॅनल फुटला तर वॉरंटीत बसत नाही आणि नवा पॅनल जवळपास टीव्हीच्याच किमतीत जातो, घरात क्रिकेट खेळणारी पोरं असतील तर तेवढं लक्षात ठेवा.

ऑनलाईनचा भाव मोबाईलवर दाखवा, जमत असेल तर तोच देऊ, नाही जमलं तर तोंडावर सांगू, मग तिकडून घ्या, आमचा राग नाही. मात्र बाहेरून घेतलेला टीव्ही लावून द्यायचे पैसे वेगळे पडतील.

येताना मोबाईलमध्ये भिंतीचा एक फोटो आणा, टेप भिंतीला धरलेली असली तर उत्तम, स्विचबोर्ड आणि कपाट दिसू दे. आणि रविवारी संध्याकाळी येऊ नका, गर्दीत नीट चालवून दाखवता येत नाही, आठवड्यात सकाळी अकरानंतर या. सोमवारी दुकान बंद.