शहर संपतं कुठे? अमेरिकेतली वाहतूक नियोजनाची हद्द

न्यू जर्सीतल्या प्लेन्सबरोहून कित्येक जण रोज सकाळी शेजारच्या वेस्ट विंडसरमधलं प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन गाठतात आणि न्यूयॉर्कची गाडी पकडतात. अंतर थोड्या मैलांचं, पण वाटेत एक हद्द ओलांडली जाते. प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात येतं आणि उत्तर न्यू जर्सीच्या 13 काउंटींसाठी नेमलेली नियोजन संस्था तिथला वाहतूक आराखडा करते. वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत, म्हणजे फिलाडेल्फियाच्या संस्थेकडे. तिच्याकडे दोन राज्यांतल्या 9 काउंटी आहेत.

1962 च्या केंद्रीय कायद्याने 50,000 वर लोकवस्तीच्या शहरी भागांना सामायिक वाहतूक नियोजन सक्तीचं केलं. मग प्रश्न उरतो, शहरी भाग मोजायचा कुठपर्यंत?

पहिली रेषा जनगणना खात्याची. 2020 च्या निकषांत शहराचा गाभा ठरतो तो चौरस मैलाला किमान 425 घरं असलेल्या ब्लॉकांवरून (ब्लॉक म्हणजे जनगणनेचा सर्वांत लहान तुकडा), म्हणजे साधारण दीड एकराला एक घर. त्याला लागून चौरस मैलाला किमान 200 घरं असलेले ब्लॉक जोडले जातात. मध्ये मोकळी जागा आली तर दीड मैलापर्यंत उडी चालते. आधी अडीच मैल चालायची. ही रेषा दातेरी निघते, एकच रस्ता घडीत शहरी, घडीत ग्रामीण. म्हणून राज्य आणि स्थानिक संस्था ती सरळ करून घेतात. मात्र ती बाहेरच सरकवता येते; जनगणनेने शहरी ठरवलेला तुकडा वगळता येत नाही.

नियोजनाची हद्द याहून मोठी असते. येत्या 20 वर्षांत जो लगतचा भाग शहरी होईल, तोही तिच्यात घ्यावाच लागतो. तो ओळखायला सांडपाण्याच्या वाहिन्यांचा नकाशा उघडावा. लोकसंख्येच्या अंदाजांपेक्षा तो भरवशाचा. सेप्टिक टँकला मोठा प्लॉट लागतो, त्यामुळे दाट वस्ती सहसा गटाराच्या मागोमाग जाते. हद्द शक्यतो काउंटीच्या सीमेवर किंवा नदीवर टेकवावी. रोजगाराची आकडेवारी काउंटीवार मिळते आणि नदीवर पूल मोजकेच असतात. हद्द जिथे जिथे रस्ता कापते, तिथली आत-बाहेर जाणारी वाहनं वाहतुकीचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलमध्ये वेगळी धरावी लागतात. असे छेद वाढले की मोजणीचा खर्च वाढतो आणि चुकाही. शेवटी हद्दीवर संस्था आणि राज्यपाल यांची सहमती लागते.

खरी पंचाईत होते ती वस्तीचं एखादं बोट हायवेच्या कडेने शेजारच्या काउंटीत शिरतं तेव्हा. तेवढा तुकडा कुणाच्या तरी हद्दीत घ्यावाच लागतो, आणि दोन संस्थांच्या हद्दी एकमेकींवर चढलेल्या चालत नाहीत. डिसेंबर 2016 मध्ये केंद्राने नियम केला: एका शहरी क्षेत्रात संस्था अनेक असल्या, तर त्यांनी एक व्हावं, नाहीतर निदान आराखडा तरी एकत्र करावा. कागदावर चोख, पण न्यूयॉर्क–न्यूअर्कसारख्या राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या क्षेत्रात तो पाळणार कसा? 2017 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो रद्द केला.

आता अशा ठिकाणी कोण काय करणार याचा लेखी करार होतो. सार्वजनिक वाहतुकीचं केंद्रीय अनुदान मात्र हिशेबाला शहरी क्षेत्राच्या नावे येतं, नियोजन संस्थेच्या नाही. त्यामुळे एका क्षेत्रातल्या बस-रेल्वे सेवांना आपापला वाटा ठरवून वाटणीपत्र द्यावं लागतं.