गुलाबपाणी घरी काढताना

गुलाबपाणी सौम्य असतं ते गुलाबापेक्षा पाण्यामुळे. वाफ पाकळ्यांतली सुगंधी द्रव्यं सोबत घेऊन वर येते, गार होऊन थेंबांनी पडते. त्या थेंबांत तेल सहसा हजारात एक भागाहूनही कमी असतं. तरी वास टिकतो, कारण गुलाबाच्या वासातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं. त्वचेचा सामूही (pH) ५ च्या आसपास, तर वडीच्या साबणाचा ९ ते १०. तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटते तेव्हा हे पाणी बरं वाटतं, त्याला हेही एक कारण असू शकतं.

बेळगावच्या बाजारात हारांसाठी येणारा लालभडक गुलाब यासाठी घेऊ नये. त्याला वास बेताचा आणि फवारणीची शक्यता मोठी. परसातला गुलाबी, वासाचा गावठी गुलाब ऊन चढायच्या आत तोडावा. २५० ग्रॅम पाकळ्यांना दीड लिटर पाणी पुरतं. भांडं स्टीलचं हवं, ॲल्युमिनियम नको. मोठ्या पातेल्याच्या मधोमध एक वाटी पालथी घालावी, तिच्यावर अर्क जमायला दुसरं भांडं ठेवावं. पाकळ्या आणि पाणी भोवतीनं, वरच्या भांड्याच्या काठाच्या बरंच खाली. झाकण उलटं घालून त्यावर बर्फ ठेवावा, म्हणजे मधल्या मुठीवरून थेंब भांड्यात पडतात.

सगळा खेळ आचेचा आहे. आच मोठी केली की रंगीत पाणी उसळून भांड्यात शिरतं आणि अर्काचा काढा होतो. अर्क नितळ असतो. गुलाबी दिसला तर काढा मिसळलाय किंवा (विकतच्या बाटलीत) रंग घातलाय. बर्फ वितळला की लगेच बदलावा, नाहीतर वाफ कडेनं निसटते. २५० ते ३०० मिलिलिटर जमलं की गॅस बंद. पुढच्या थेंबांना शिजलेल्या पालेभाजीसारखा वास येतो. ताज्या अर्कालाही थोडा करपट वास असतो, तो काही दिवसांत जातो.

मोगरा, जाई यांच्या नादी लागू नये. त्यांचा नाजूक वास उष्णतेत बिघडतो.

खरी अडचण पुढे आहे. या पाण्यात टिकवणारं काहीच नसतं, त्यामुळे जिवाणू सहज वाढतात. खानापूरकडच्या पावसाळी दमट हवेत बाहेर ठेवलेली बाटली लवकर बिघडते. काचेची लहान बाटली १० मिनिटं उकळून पूर्ण कोरडी करावी, अर्क भरून फ्रिजमध्ये ठेवावा, दोन आठवड्यांत संपवावा. जुन्या उरल्यासुरल्यात नवा ओतू नये. गढूळपणा, तरंगते धागे किंवा आंबट वास आला तर सरळ टाकून द्यावं, उकळून वाचवू नये. डोळ्यांत गुलाबपाणी घालायची जुनी सवय आपल्याकडे आहे. घरचा अर्क निर्जंतुक नसतो, तो डोळ्यांत मुळीच घालू नये.

वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघावं. सुगंधी द्रव्यं थोडी असली तरी कुणाला खाज सुटतेच. आणि अथणी, रायबागच्या कोरड्या थंडीत नुसतं गुलाबपाणी पुरत नाही. ते उडून जातं, कातडी पुन्हा फुटते. तोंड ओलं असतानाच वरून खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब चोळावेत. मुरुमांची त्वचा असेल तर खोबरेल टाळून हलकं क्रीम लावलेलं बरं.