फोटोतील पांढरी बाहुली आणि ॲपचे उत्तर

बाळाचा फ्लॅश टाकून काढलेला फोटो एआय ॲपला दाखवला की डोळ्याचा कर्करोग आहे की नाही ते नक्की कळते, असा संदेश साताऱ्यातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत असतो. प्रत्यक्षात ॲप केवळ संशय दाखवते.

फ्लॅशचा प्रकाश डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरावरून परततो, म्हणून बाहुली लाल दिसते. रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाची, गाठ आड आल्यास ती पांढरी दिसू शकते, पण मोतीबिंदूमुळे किंवा फोटोच्या तिरक्या कोनामुळेही तसेच दिसते. उलट, लहान किंवा कडेची गाठ अनेकदा फोटोत येतच नाही, त्यामुळे ‘सर्व ठीक’ हे उत्तर मला अधिक घातक वाटते.

जुने फोटो जरूर पाहावेत. मात्र पांढरी झाक एकदाच दिसली, किंवा डोळा तिरळा वाटला, तरी हा आजार बहुतांशी 5 वर्षांच्या आत आढळत असल्याने लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन, थेंब टाकून बाहुली मोठी करून, डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.