हरीण-शिकारीची रायफल चाचणी

हरीण-शिकारीची रायफल चाचणी : ब्रिटनमध्ये हरणांचा माग काढून रायफलने शिकार करू पाहणाऱ्यांना ‘डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेट, लेव्हल १’ (बोलताना ‘डीएससी १’) या प्रमाणपत्रासाठी द्यावी लागणारी नेमबाजीची परीक्षा. लेखी प्रश्न, हरणांच्या जाती ओळखणे, मांसाची तपासणी व स्वच्छता, हत्यार सुरक्षितपणे हाताळणे हेही या प्रमाणपत्राचे भाग आहेत. पण उमेदवारांना धास्ती असते ती नेमबाजीचीच. कायद्याने हे प्रमाणपत्र सक्तीचे नाही. तरीही अनेक जमीनमालक शिकारीला परवानगी देण्याआधी ते मागतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नंतर शिकार म्हणजे गुन्हा, एवढेच ठाऊक असलेल्या आपल्याकडच्या वाचकाला परीक्षा देऊन हरीण मारण्याची ही रीत चमत्कारिक वाटेल. ब्रिटनमधली परिस्थिती वेगळी आहे. तिथले लांडगे काही शतकांपूर्वीच नामशेष झाले. आता हरणांच्या सहा जाती मोकळ्या फिरतात; त्यांपैकी लाल हरीण आणि रो या दोनच मूळच्या, बाकीच्या माणसाने आणलेल्या. त्यांत आपल्या भेकराचा चिनी भाऊबंद मुंटजॅकही आहे. कोवळी रोपे आणि उभी पिके फस्त होऊ लागल्यावर संख्या आवरण्याचे काम रायफलवर येऊन पडले. जखमी होऊन निसटलेले जनावर झुडपात तडफडत मरते. ते टाळणे हाच या चाचणीचा हेतू.

चाचणीचे स्वरूप : आधी ग्रुपिंग. १०० मीटरवरून, पालथे झोपून झाडलेल्या तीन गोळ्या १० सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात बसाव्या लागतात. एनसीसीत फायरिंग केलेल्यांना ग्रुपिंग हा शब्द नवा नाही. त्यानंतर हरणाचे चित्र असलेले टार्गेट येते. त्यावर १०० मीटरवरून झोपून दोन, ७० मीटरवरून बसून किंवा गुडघा टेकून दोन आणि ४० मीटरवरून उभ्याने दोन, अशा सहा गोळ्या झाडायच्या. सहाही छातीच्या मर्मस्थानी बसल्या पाहिजेत. पाच बसल्या म्हणून पास करत नाहीत. नेम धरायला तिथे काळा ठिपका नसतो. पुढच्या पायाच्या रेषेने वर जायचे आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास थांबायचे. हृदय-फुफ्फुसे तिथेच असतात.

रायफल आणि काडतुसे : इंग्लंड-वेल्समध्ये १९९१च्या डिअर ॲक्टनुसार हरणांसाठी किमान ०.२४० इंच कॅलिबर (नळीचा व्यास) आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंड ऊर्जा लागते. मुंटजॅक आणि चिनी पाणहरीण यांच्यासाठी ही मर्यादा कमी आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे. .२४३ विंचेस्टर आणि .३०८ विंचेस्टर ही काडतुसे सर्रास वापरात आहेत. नवख्याने .२४३ घ्यावी, असे बरेच जाणकार सांगतात. धक्का कमी बसतो. रायफलवरच्या दुर्बिणीचे झिरोइंग, म्हणजे नेम आणि गोळी यांचा मेळ घालणे, परीक्षेत जी काडतुसे वापरायची त्यांनीच करावे. गोळीचे वजन किंवा कंपनी बदलली की मारा सरकतो. बऱ्याच दुर्बिणींचा एक क्लिक, म्हणजे नेम सरकवणाऱ्या चकतीचा एक टप्पा, १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर फरक पाडतो. एका गोळीवरून क्लिक फिरवत बसू नये. तीन गोळ्यांचा ग्रुप घ्यावा, मगच मध्य पाहावा. १०० मीटरला झिरो केलेली रायफल ४० मीटरवर साधारण सेंटीमीटरभर खाली मारते, म्हणून नेम बदलायची गरज नसते.

सराव : पुष्कळ उमेदवार सगळी काडतुसे १०० मीटरवर झोपून संपवतात, कारण तिथे ग्रुप देखणा येतो. खरी कसोटी उभ्याने असते. पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये २०२४ साली ऑलिंपिक कांस्य मिळवले, त्यात गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने असे हेच तीन पवित्रे असतात. तिथे उभ्याने मारताना काठीचा आधार मिळत नाही. इथे तिकाठी चालते. पण तिकाठीची सवय हवी. तिची उंची खांद्याला जुळली नाही तर माणूस वाकतो आणि दस्ता खांद्यातून निसटतो. पाय किंचित फाकवून उभे राहावे, नेम धरून डोळे मिटावे, उघडावे. दुर्बिणीतली फुली हरणावरून सरकलेली दिसली तर हातांनी रायफल ओढू नये, पाय सरकवावेत.

घरी रिकाम्या रायफलवर चाप ओढण्याचा सराव फुकटात होतो. आधी चेंबर (नळीत काडतूस बसते ती जागा) रिकामे असल्याची खात्री करावी, मग डमी (दारू नसलेले, नकली) काडतूस घालावे. श्वास अर्धा सोडून थांबायचे आणि चाप झटका न देता दाबत न्यायचा. टक् आवाज झाला तरी फुली हलता कामा नये. पाच-सात सेकंदांत गोळी सुटली नाही, तर श्वास घेऊन नव्याने सुरुवात करावी. डोळा थकला की फुली तरंगते. आवाजाच्या धास्तीने चाप दाबण्याआधीच खांदा आक्रसणारे पुष्कळ असतात. हा दोष स्वतःला कळत नाही. जोडीदाराने न सांगता मधेच डमी काडतूस भरून द्यावे : गोळी सुटत नाही, पण नळी खाली झुकते आणि चोरी पकडली जाते. कानांवर संरक्षण चढवणे हा त्यावरचा पहिला, आणि अनेकदा पुरेसा, उपाय.

सुरक्षा : नेम कितीही चांगला असला तरी नळी चुकून माणसाकडे वळली की परीक्षा तिथेच संपते. कुंपण ओलांडण्यापूर्वी रायफल रिकामी करणे, हाती देताना बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) उघडून चेंबर दाखवणे, गोळी अडवणारी माती मागे आहे का ते पाहणे, हे सगळे परीक्षक बारकाईने बघतो. टेकडीच्या माथ्यावर आकाशासमोर उभ्या असलेल्या हरणावर गोळी झाडायची नसते. चुकलेली गोळी काही किलोमीटर जाते. असा प्रसंग उमेदवारापुढे मांडला, तर ‘मारणार नाही’ हेच बरोबर उत्तर.

चाचणी उत्तीर्ण होण्यासाठी जिवंत हरीण मारावे लागत नाही. तो टप्पा ‘लेव्हल २’मध्ये येतो : तिथे मान्यताप्राप्त साक्षीदारासमोर माग काढणे, मारणे आणि जनावराची आतडी काढून, तपासून आणणे हे सगळे रानात करून दाखवावे लागते.