श्रोणितल व्यायाम (मलावरोधासाठी)

पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले स्नायू म्हणजे श्रोणितल. मूत्राशय, मलाशय आणि स्त्रियांचे गर्भाशय यांना खालून आधार याच झोळीचा. ही झोळी आणि पोटाचे स्नायू यांचा शौचाच्या वेळी मेळ बसवणारे व्यायाम मलावरोधात उपयोगी पडतात. लोकांत हे ‘आवळायचे व्यायाम’ म्हणूनच ओळखले जातात. पण पोट साफ होण्यासाठी बहुधा सैल सोडणेच शिकावे लागते.

झोळीतला एक स्नायू मलाशयाला मागून वळसा घालून त्याला पुढे खेचून धरतो. त्यामुळे मलाशय आणि गुदमार्ग यांच्यात एरवी सुमारे ९० अंशांचा कोन राहतो. पाण्याची नळी दुमडून धरावी, तसा. शौचाच्या वेळी स्नायू ढिला पडतो आणि कोन रुंदावतो. काहींच्या बाबतीत मात्र कुंथताना तो उलट आवळतो. वरून जोर, खाली दार बंद. अशांना इसबगोल किंवा जुलाबाच्या गोळ्यांनी पुरेसा आराम पडत नाही, आणि अधिक कुंथल्याने मूळव्याध तेवढी वाढते. हा दोष आहे का हे पाहण्यासाठी बोटाने तपासणी, दाबमापन आणि ५० मिलिलिटर पाण्याने भरलेला फुगा मलाशयातून बाहेर टाकता येतो का, ही चाचणी करतात.

व्यायामाची सुरुवात बसण्यापासून होते. उकिडवे बसल्याने कोन आपोआप रुंदावतो, त्यामुळे भारतीय पद्धतीच्या संडासात ही सोय आयतीच मिळते. कमोडवर पायांखाली बुटका पाट घ्यावा, गुडघे कमरेपेक्षा उंच ठेवावेत, पुढे झुकून कोपरे मांड्यांवर टेकवावेत. श्वास कोंडून कुंथू नये. पोट पुढे व कंबर बाजूंना फुगू द्यावी, तोंड किंचित उघडे ठेवून हळू श्वास सोडावा आणि त्याच वेळी गुदद्वार खाली सैल सोडावे. ही क्रिया आधी अंथरुणावर पडून, पोटावर हात ठेवून सरावाने जमवतात. ज्यांना ती उमगत नाही त्यांना पडद्यावर स्नायूंची हालचाल दाखवून शिकवतात. या दोषावर हा प्रमुख उपचार आहे.

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले आवळण्याचे व्यायाम बाळंतपणानंतर लघवीवर ताबा न राहणाऱ्या स्त्रियांसाठी होते. ज्यांचा स्नायू मुळातच आवळलेला आहे, त्यांनी नुसते तेच केले तर त्रास वाढू शकतो. घेरंडसंहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातील अश्विनी मुद्रेत मात्र गुदद्वार आवळणे आणि मोकळे सोडणे, दोन्ही पुनःपुन्हा सांगितले आहे. 

पोटाच्या व्यायामांत पवनमुक्तासन (उताणे पडून गुडघे पोटाशी दाबणे) सोपे. उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणे) व नौली (पोटाचे मधले स्नायू पुढे काढून फिरवणे) यांचा अभ्यास लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी क्ष-किरण आणि दाबमापकाच्या साहाय्याने केला. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. पोट चोळायचे तर उजव्या जांघेकडून वर, बरगड्यांखालून आडवे आणि डावीकडून खाली, म्हणजे आतड्याच्या वाटेने. सकाळच्या खाण्यानंतर आतडे आपणहून हलते, तेव्हा बसावे आणि दहा मिनिटांत उठावे. मोबाइल बाहेर ठेवलेला बरा.

उड्डियान व नौली रिकाम्या पोटीच करतात. गरोदरपणी, हर्निया किंवा उच्च रक्तदाब असल्यास टाळतात. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा उतारवयात शौचाची सवय अचानक बदलणे यांवर व्यायाम हा उपाय नव्हे. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.